भिंतीलगतची जागा

"लांबी किती धरू?" गफूरभाईंनी विचारलं.

सकाळचे सात वाजले होते. कानावर पेन्सिल खोचून, हातात टेप घेऊन गफूरभाई सुतार ओट्याच्या पायरीशी उभे होते. बाबा जाऊन सवा तास झाला होता.

"पाच फूट आठ इंच," मी म्हटलं. बाबांची उंची मला पाठ होती. शाळेत मुलांची उंची मोजून झाली की शेवटी ते स्वतः भिंतीला टेकून उभे राहायचे आणि एखाद्या उंच मुलाला खडूनं खूण करायला सांगायचे. दर वर्षी तेवढीच भरायची.

"पाच चार पुरे होईल," आतून आवाज आला. बाई दारात आल्या. त्यांच्या हातात ओला टॉवेल होता. "पाठ वाकलीय त्यांची. डावा गुडघाही सरळ होत नाही. लांबी एवढी नको, पण रुंदी जरा वाढवा. डावं कोपर बाहेर येतं, दाबून बसवायला नको."

गफूरभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"पाच आठच धरा," मी म्हटलं. "वर दोन इंच ठेवा."

गफूरभाईंनी तळहातावर आकडा लिहिला, दोनपर्यंत पेटी आणून देतो म्हणाले आणि सायकलवर टांग टाकून गेले.

ही गोष्ट १९९४ सालच्या फेब्रुवारीतली, राहुरीची. माझे बाबा शांतवन बोर्डे मिशनच्या शाळेत छत्तीस वर्षं मास्तर होते. सगळं गाव त्यांना बोर्डे गुरुजी म्हणायचं. जाण्याआधी दोन वर्षं त्यांना अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि जीभ जड झाली. मी त्यांची एकुलती एक मुलगी, एस्तेर. लग्न होऊन नाशिकला गेले होते, तिथल्याच एका शाळेत शिकवत होते. बुधवारी शेजाऱ्यांच्या फोनवरून बाईंचा निरोप आला, "येऊन जा." मी गुरुवारी पोचले आणि सोमवारी पहाटे बाबा गेले.

बाई म्हणजे रिबका, बाबांची दुसरी बायको. माझी आई, सुगंधा, मी नऊ वर्षांची असताना काविळीनं गेली. त्यानंतर तीन वर्षांनी बाबांनी मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगमधल्या मेट्रनबाईंशी लग्न केलं. बोर्डिंगच्या सगळ्या मुली त्यांना बाई म्हणायच्या. मीही तेच म्हणत राहिले. 'आई म्हण' असा हट्ट त्यांनी कधी धरला नाही. माझ्या वेण्या घातल्या, परीक्षेच्या दिवसांत माझ्या आधी उठून स्टोव्ह पेटवला, मला गोवर आला तेव्हा सात दिवस माझ्या खाटेशी जमिनीवर झोपल्या. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यांच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, आणि मला ते हवं होतं. एवढंच आमच्यातलं भांडण.

गफूरभाई गेल्यावर मी ट्रंक उघडली. बाबांचा राखाडी कोट वर काढला. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी तो घातला होता, चर्चच्या पंचकमिटीसोबतच्या फोटोत तोच होता.

"हा घालू," मी म्हटलं.

"कोट नको गं," बाई म्हणाल्या. "त्यांना गळ्याशी आवळलेलं चालत नाही. पांढरा सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवलाय मी."

"ते काय घरी बसलेत का, बाई? लोक बघायला येणार आहेत."

त्यांनी सदरा परत घडी करून ठेवला. मी कोटाची उजवी बाही घातली. डाव्या हाताशी आले आणि अडकले. तो हात दोन वर्षं छातीशी आखडलेला होता, आता तर लाकूडच झालेलं. मी ओढू लागले तशी शिवण करकरली.

"थांब. आधी हा हात घालायचा असतो." बाईंनी मला हळूच बाजूला केलं, घातलेली बाही काढली, बाबांच्या खांद्याखाली आपला हात सारला आणि बघता बघता कोट चढवला. "दोन वर्षं असंच घालते मी," त्या म्हणाल्या. मग गळ्याशी जाऊन वरचं बटण तेवढं त्यांनी उघडंच ठेवलं. मी ते लावलं.

नऊच्या बसनं श्रीरामपूरहून बेनमामा आले. बेंजामिन, माझ्या आईचा धाकटा भाऊ. दाराशी आले तेच रडत आले. मला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "आता सुगंधाला सोबत झाली बघ." बाईंना त्यांनी लांबूनच हात जोडले. बाईंच्या लग्नाला ते आले नव्हते, आणि त्यानंतर पंचवीस वर्षांत ते आमच्या घरी किती वेळा आले, ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल.

इथे जागेबद्दल थोडं सांगायला हवं.

आमच्या चर्चच्या मागे जुनं कबरस्तान आहे. आईची कबर तिथे अगदी शेवटच्या ओळीत. तिच्या उजवीकडे एका परक्या बाईची कबर, डावीकडे एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा आणि लगेच कंपाउंडची दगडी भिंत. आई गेली तेव्हाच बाबांनी ती भिंतीलगतची जागा आपल्यासाठी राखून ठेवली होती. चर्चच्या वहीत तशी नोंद होती. रविवारची उपासना सुटली की बाबा मला तिथे न्यायचे. "ही तुझी आई आणि ही माझी जागा," म्हणायचे. मी त्या जागेवर मांडी घालून पेरू खायचे. ही जागा आपल्या घरचीच एक खोली आहे असं मला वाटायचं.

पुढे जुनं कबरस्तान भरलं. चर्चच्या मंडळीनं नाल्यापलीकडे, कारखान्याच्या रस्त्याला, नवी जमीन घेतली. ज्यांच्या जागा आधीपासून राखलेल्या होत्या तेवढ्यांनाच जुन्या भागात परवानगी राहिली, बाकी सगळ्यांना नाल्यापलीकडे. तिथे भरपूर जागा होती. नवराबायकोला हवं असेल तर शेजारी शेजारी दोन जागा मिळत.

दहाच्या सुमाराला पाळकसाहेब आले, रेव्हरंड आढाव. त्यांच्याबरोबर पंचकमिटीतली तीन-चार माणसं होती. प्रार्थना झाली. चहा झाला. मग पाळकसाहेब म्हणाले, "जागेचं आत्ताच ठरवायला हवं. चारला विधी आहे. खाली मुरूम लागतो, खणायला चार तास जातात."

"त्यात ठरवायचं काय?" मामा म्हणाले. "माझ्या बहिणीशेजारी जागा आहे. अठ्ठावीस वर्षं ती वाट बघतेय."

"आहे. वहीत नोंद आहे." पाळकसाहेबांनी चष्मा काढून उपरण्यानं पुसला. "पण गुरुजी आजारी पडायच्या आधी एकदा मला नव्या जमिनीचं विचारत होते. दोन जागा मिळतील का, म्हणाले. मी म्हटलं, या सवडीनं, नोंद करून टाकू. पुढे ते आजारीच पडले, राहून गेलं. म्हणून विचारतो. एस्तेर, बाबा तुला काही बोलले होते का?"

खोलीत आठ-दहा माणसं होती. सगळी माझ्याकडे बघू लागली.

"नाही," मी म्हटलं.

"रिबकाबाई, तुम्हाला?"

बाई बाबांच्या उशाशी बसल्या होत्या. बाबांच्या कपाळावर बसू बघणारी माशी त्यांनी पदरानं उडवली. मग माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते, पण त्या माझ्याकडे बघताहेत हे मला कळत होतं.

"नाही, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "मलाही काही बोलले नाहीत. एस्तेर म्हणेल तसं करा."

"भिंतीलगतची जागा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच मोठा वाटला.

मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "सुगंधाची लेक शोभतेस," म्हणाले. पंचकमिटीतला एक जण उठून खणणाऱ्यांना सांगायला गेला.

दोन वाजता पेटी आली. काळं कापड, वर पांढऱ्या फितीचा क्रूस, आत मांजरपाट लावलेलं. बाबांना आत ठेवलं तर पायाशी वीतभर जागा रिकामी राहिली आणि डावं कोपर फळीला लागलं. उचलताना ते खाली सरकतील हे बाईंखेरीज कुणाच्याच लक्षात आलं नाही. त्या आत गेल्या आणि बाबांच्या नेहमीच्या पांघरुणातली चौकड्यांची चादर घेऊन आल्या. तिची घट्ट घडी करून त्यांनी पायाशी बसवली. कोपराखाली स्वतःचा एक मऊ रुमाल दुमडून घातला. त्या वेळी मी बाजूला उभी राहून फुलं सारखी करत होते.

चारला चर्चमध्ये विधी झाला. बाबांचे कितीतरी विद्यार्थी आले होते, केस पिकलेले. मग आम्ही मागे कबरस्तानात गेलो. खड्डा आईच्या कबरीला अगदी खेटून होता, आणि पलीकडे भिंत. त्या बाजूला माणसाला उभं राहायलाही जागा नव्हती, म्हणून सगळी माणसं अलीकडेच दाटीवाटीनं उभी राहिली. बाई पुढे होत्या. पेटी दोरांवरून खाली जाऊ लागली. पाळकसाहेब शास्त्रपाठ वाचत होते. मी पेटीकडे पाहत होते, आणि मध्येच मान वर केली तर बाई पेटीकडे पाहत नव्हत्या. त्या भिंतीकडे पाहत होत्या. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये हातभरसुद्धा अंतर नव्हतं.

"त्या बाजूनं माती खचेल, जपून," त्या खणणाऱ्यांना एवढंच म्हणाल्या.

मग आम्ही मूठ मूठ माती टाकली. आधी मी, मग बाई. मामांनी मला आधी पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी नाशिकला परत निघाले. बाईंनी फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. बसपर्यंत आल्या. "पोचल्याचं कळव," म्हणाल्या. मी कळवलं नाही. पाच महिन्यांनी दगड बसवायला गेले, त्यावर आईचं आणि बाबांचं नाव शेजारी शेजारी कोरून घेतलं होतं. बाईंनी दगड पाहिला आणि अक्षरं छान आलीत म्हणाल्या.

आता जे सांगायला हवं ते सांगते.

बाबा मला बोलले होते. जायच्या आधी तीनच दिवस, शुक्रवारी दुपारी. बाई औषध आणायला गेल्या होत्या आणि मी बाबांना चमच्यानं पेज भरवत होते. त्यांनी तोंड मिटलं. चमचा बाजूला केला आणि बोलायला लागले. एकेक शब्द ओढून काढावा लागत होता त्यांना.

"नवी... जागा. नाल्या... पलीकडं."

"काय म्हणता, बाबा?"

"रिबका... एकटी नको."

मला कळलं होतं. तरी मी "काय? काय?" करत राहिले. त्यांनी तीनदा सांगितलं. कपाळावर घाम आला. शेवटी उजव्या हातानं माझं मनगट धरलं, त्या हातात अजून चांगला जोर होता. "तुझी आई... रागवायची... नाही," म्हणाले.

"हो बाबा," मी म्हटलं. "तसंच करू."

त्यांनी मनगट सोडलं आणि राहिलेली पेज सगळी खाल्ली.

पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मामा समोर होते म्हणून मी खोटं बोलले, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. पण मामा नसते तरी मी तेच बोलले असते. आई अठ्ठावीस वर्षं एकटी होती. तिच्याकडे बाबांचं काही उरलं नव्हतं. आवाज, हात, म्हातारपण, आजारपण, सगळं बाईंना मिळालं होतं. ही एक हातभर जागा आईची होती, आणि तीसुद्धा ते काढून घेत होते. त्या सकाळी मला हा न्याय वाटला होता. आणि बाईही "मला काही बोलले नाहीत" म्हणाल्या तेव्हा माझ्या छातीवरचा दगड उतरला. म्हणजे बाबा फक्त मलाच बोलले, आता जगात दुसऱ्या कुणालाच माहीत नाही.

बाबा आजारी असताना बाई दर पंधरवड्याला मला कार्ड टाकायच्या. आज दोन घास जास्त जेवले, आज तुझी आठवण काढली, असं. बाबा गेल्यावर कार्डं बंद झाली. दोन वर्षं एकही आलं नाही. मला वाटलं, आता कशाला लिहितील? मीही लिहिलं नाही. पुढे नाताळाला जाऊन येणं सुरू झालं, एक दिवस, फार तर दोन. मी गेले की त्या माझ्यासोबत कबरस्तानात यायच्या, पण आईच्या बाजूनं उभ्या राहायच्या. दुसरीकडून उभं राहताच येत नव्हतं.

२००७ साली बाई न्हाणीघरात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झाल्यावर मी त्यांना नाशिकला घेऊन आले. तीन महिने त्या आमच्याकडे होत्या. वॉकर धरून चालायच्या, खुर्चीत बसून मेथी निवडून द्यायच्या, माझ्या नवऱ्याशी क्रिकेटवर वाद घालायच्या. त्यांना क्रिकेट कळतं हे मला तोवर माहीत नव्हतं. बाबांसोबत बसून रेडिओवर ऐकायचे म्हणाल्या.

एका दुपारी आम्ही दोघीच घरात होतो. मी त्यांच्या केसांना तेल लावत होते. केस अगदी विरळ झाले होते.

"एस्तेर, माझं काही झालं तर मला राहुरीलाच ने," त्या म्हणाल्या. "इथे नको. लुगडं मी काढून ठेवलंय, कपाटात वरच्या कप्प्यात. पाळक नवीन आहे, पण चांगला आहे. त्याला फक्त सांग, लांबलचक संदेश देऊ नको. माणसं उन्हात उभी असतात."

"असं काय बोलता?"

"बोलायलाच हवं. आधी बोललेलं बरं असतं."

माझा हात थांबला. त्यांची पाठ माझ्याकडे होती, म्हणून मला धीर झाला.

"बाई, मला एक सांगायचंय. बाबा गेले त्या दिवशी पाळकसाहेबांनी विचारलं होतं—"

"माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"शुक्रवारी तुला सांगितलं त्यांनी. शनिवारी अंग पुसताना मला म्हणाले, एस्तेरला सांगून ठेवलं, ती हो म्हणाली. एवढे खूश होते. त्यांचं बोलणं तुम्हा कुणाला कळायचं नाही, मला सगळं कळायचं."

मी त्यांच्या पुढे येऊन बसले. हाताला तेल तसंच होतं.

"मग तुम्ही बोलला का नाहीत? पाळकसाहेबांनी तुम्हालाही विचारलं होतं."

"कशी बोलणार? तू आधीच नाही म्हणून बसली होतीस. पंचकमिटी बसलेली, तुझा मामा बसलेला, बाप समोर निजलेला. मी हो म्हटलं असतं तर दहा माणसांत तू खोटी पडली असतीस. बापाच्या मयतीच्या दिवशी. गावानं ते जन्मभर धरून ठेवलं असतं." त्यांनी पदरानं मानेवर ओघळलेलं तेल टिपलं. "आणि ज्यांनी सांगितलं होतं ते तरी खूश झाले असते का?"

मला रडू आलं. बाई मला गप्प करायला पुढे झाल्या नाहीत. त्यांनी मला रडू दिलं.

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला ना. न येऊन कसं चालेल? फार आला. दोन वर्षं तुला कार्ड टाकलं नाही मी. तुला वाटलं असेल म्हातारी विसरली. कार्ड घ्यायची, पत्ता लिहायची आणि तशीच ठेवून द्यायची. वीस-पंचवीस झाली होती, शेवटी चुलीत घातली." त्यांनी मांडीवरचा पदर सारखा केला. "तुझ्या आईचा राग नाही आला कधी. तिनं बिचारीनं काय केलं? तुझा आला."

"मला माफ करा, बाई."

"ते मी केव्हाच केलंय. करावंच लागलं, प्रार्थनेला बसले की पुढचे शब्द फुटेनात." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "पण माफ केलं म्हणून माणूस काही हलवता येत नाही ना, एस्तेर. ते तिथे आणि मी इकडे, हे आता असंच."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा पाठ केली. "वेणी घाल," म्हणाल्या. "अंबाडा नको, टोचतो."

पुढच्या एप्रिलमध्ये बाई राहुरीला, झोपेतच गेल्या. मी सकाळच्या गाडीनं पोचले. कपाटाच्या वरच्या कप्प्यात लुगडं होतं, त्यासोबत झंपर, पांढरे मोजे, आणि कागदावर मंडळीतल्या चार बायकांची नावं: आंघोळ घालायला यांना बोलवावे. ठरवायचं त्यांनी माझ्यासाठी काही ठेवलंच नव्हतं. एकच गोष्ट सोडून.

मी नव्या पाळकांकडे गेले. तरुण होते, नम्र होते.

"माझ्या वडिलांच्याच कबरीत त्यांना ठेवता येईल का?" मी विचारलं. "चौदा वर्षं झालीत. काही ठिकाणी कबर पुन्हा उघडतात, मी ऐकलंय."

"जुन्या भागात आता कुदळ लावायची नाही असा ठराव आहे, ताई. भिंत आधीच कलली आहे. त्या बाजूला खणलं तर पडेल."

"मग भिंतीच्या पलीकडे? अगदी लागून? मी माझ्या खर्चानं भिंत परत बांधून देते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी काय बोलतेय हे त्यांना कळेना. "पलीकडे नगरपालिकेचा रस्ता आहे, ताई," ते शेवटी हलक्या आवाजात म्हणाले.

"निदान नव्या जागेत, त्यांच्या शेजारची जागा माझ्या नावावर लिहून घ्याल का?"

"राखीव ठेवायची पद्धत कमिटीनं बंद केलीय. ज्याची वेळ येईल त्याला क्रमानं जागा. तुम्ही तर नाशिकच्या मंडळीत आहात ना?"

मी हो म्हटलं.

बाईंना नाल्यापलीकडे नेलं. चौथ्या ओळीत, एका पेन्शनर कंपाउंडरच्या शेजारी. मी पाळकांना आधीच सांगितलं होतं, तेव्हा संदेश पाच मिनिटांत आटोपला. बायका डोक्यावर पदर धरून उन्हात उभ्या होत्या. पेटी खाली गेली. दोन्ही बाजूंना भरपूर मोकळी जमीन होती. माती टाकून झाल्यावर मंडळी पांगली. कुणीतरी मला रिक्षात बस म्हणालं. मी चालत येते म्हटलं.

कारखान्याच्या रस्त्यानं पुलापर्यंत आले, नाला ओलांडला, बाजारातून चर्चच्या मागच्या फाटकाशी पोचले. मध्ये कुठे थांबले नाही. घड्याळात पाहिलं, सव्वीस मिनिटं झाली होती. खुबा मोडल्यावर बाईंना एवढं चालणं झेपलं नसतं, असं उगाच मनात आलं.

शेवटच्या ओळीत जाऊन आईच्या बाजूनं उभी राहिले. दगडावरची दोन्ही नावं धुळीनं भरली होती, ती पदरानं पुसली. बाबांना काहीतरी सांगायलाच हवं होतं.

"बाबा," मी म्हटलं, "बाईंना पोचवून आले."

कुठे, ते मात्र मला सांगता आलं नाही.